भावजींचा बांध

आमच्या मोठ्या भावजींइतका बांधावर जीव टाकणारा माणूस खाडीकाठच्या अख्ख्या खारेपाटात झाला नसेल. बांध म्हणजे आमच्या आणि त्यांच्या चुलतभावाच्या शेतामधला, हातभर रुंदीचा, मातीचा. रोज सकाळी तोंड धुण्याआधी भावजी खाचा पाडलेली काठी घेऊन तो मोजून येत. खेकड्यांनी त्यात बीळ केलं तरी म्हणत, “खेकडे पण त्यालाच सामील हायत.” चुलतभावाशी बोलणं अकरा वर्षं बंद. घरात त्यांचं नाव निघत नसे. ते नुसते ‘पलीकडचे’. पण सकाळी ते शेतात दिसले की भावजी एकदा खोकत आणि तेही उलट खोकत. दोघांनाही खोकला नव्हता. एकदा पलीकडून खोकला आला नाही, तर भावजींनी पेज तशीच ठेवली. शेवटी ओट्यावरच्या खांबाकडे बघून म्हणाले, “कुणीतरी बघून या, ताप आलाय काय त्याला.” धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून माझ्याशी बोलायचं झालं की ते खांबाशीच बोलत.

अबोल्याच्या अकराव्या साली भातकापणीनंतर ह्यांनी मुंबईहून बातमी आणली. हे गोदीत कामाला होते. तिथं चार देशांच्या बोटी लागल्या होत्या आणि त्यांचे खलाशी आपसात फुटबॉलचे सामने खेळणार होते. मोकळं मैदान मिळालं तर ते आमच्या गावात यायला तयार होते. गावात कुणाला झोप येईना. घरोघर ओटे सारवले. कोळ्यांनी गोलाला बांधायला जुनी जाळी काढून दिली. परदेशी माणसं भाकरी खातात की नुसते मासे, यावर विहिरीवर बायकांचा दोन दिवस वाद चालला. पण तेवढी सपाट जागा एकच होती, आमचं आणि पलीकडच्यांचं शेत मिळून. मधोमध बांध.

गावकी आमच्या ओट्यावर येऊन बसली.

“चेंडू बांधावरनं उडवा की,” भावजी म्हणाले. “पाय न्हायत काय त्यांना?”

“दादा, बांध न्हाय फोडलास तर सामने शेजारच्या गावात जातील,” पाटील म्हणाले.

तीन दिवस भावजी ताटातला भात नुसता चिवडत होते.

चौथ्या दिवशी सकाळी मी पाण्याला निघाले, तर भावजी बांधावर कुदळ घेऊन उभे. दोन्ही टोकांना खुणेच्या खुंट्या मारलेल्या. समोर पलीकडचे.

“खुंट्या बघून घे,” अकरा वर्षांनी भावजी बोलले. “मागनं ओरडशील.”

“ओरडेन तर! ही खुंटी बोटभर माझ्यात आलीय.”

“मग तूच मार.”

पलीकडच्यांनी खुंटी उपटली आणि पुन्हा तिथंच मारली. मग दोघांनी मिळून बांध फोडला.

सामने दोन दिवस चालले. मी माडाआड उभी होते, मला खेळातलं काही कळलं नाही. सगळा गाव चेंडूकडे बघत होता आणि भावजी जमिनीकडे. बांधाच्या जागी आले की ते पाय उचलून टाकत. पलीकडचेही तसेच. गर्दीत खुंट्या मात्र उपटल्या गेल्या. पावसाआधी बांध घालायची वेळ आली, तेव्हा जागा कुणालाच नक्की सांगता येईना. दोघं दिवसभर समोरासमोर भांडले आणि त्यातून जो बांध निघाला तो मध्यावर वाकडा आहे. भावजींनी तो पुन्हा कधी मोजला नाही. काठी मात्र रोज नेत.

यंदा भावजी गेले. दिवसकार्य झाल्यावर पलीकडचे आले आणि खांबाकडे बघून म्हणाले, “ती काठी हाय काय घरात? मोजायला न्हाय. हातात धरायला.” मी काठी ओट्यावर ठेवून आत आले.

आता ते रोज सकाळी बांधाच्या वाकड्या जागी थांबतात आणि एकदा खोकतात. मी चुलीपुढून ऐकते. काल वाटलं, आपणच खोकावं. पदर तोंडाशी धरला, पण आवाज फुटला नाही.