साडू गोठ्यात शिरले की

म्हशींना इतका जीव लावणारा आणि म्हशींनी ज्याचा इतका धसका घेतला असा माझ्या साडूंसारखा माणूस सबंध वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. नव्वदच्या दशकात ते पुलगावहून रोज रेल्वेने नागपूरच्या एका प्रयोगशाळेत जात. सकाळी कत्तलखान्यातून म्हशींची अंडाशये मागून आणायची, थर्मासात बर्फावर ठेवायची आणि तो थर्मास पोटाशी धरून गाडीत बसायचे. एकदा समोरच्या बाईंनी त्यातला घोटभर चहा मागितला. साडूंनी खरे ते सांगितले. मग नागपूरपर्यंत अख्ख्या बाकावर ते आणि थर्मास, दोघेच.

अंडाशयातली बहुतेक बीजे पिकण्याआधीच मरून जातात. पेशीला मरायला लावणारा जीन नेमका केव्हा जागा होतो, हे ते शोधत होते. लग्नाच्या पंगतीतसुद्धा खालच्या आवाजात सांगत, "कोनी मारत नाई त्यायले, भाऊ. आतूनच हुकूम येते, अन् पेशी चूपचाप आपलं आवरून घेते." शेजारच्या पाहुण्याचा घास हातातच राही. साडूंना मूलबाळ नव्हते. म्हशींचा तळतळाट लागला, असे पुलगावात लोक कुजबुजत.

आणि ते गोठ्यात शिरले की मलाही कसेसेच होई. हात साबणाने कितीही धुतलेले असोत, म्हशींचे रवंथ एकदम थांबे. शेपट्या हलायच्या थांबत. सगळी डोकी त्यांच्याकडे वळून टक लावत आणि माश्यांची गुणगुण तेवढी ऐकू येई. "वास येते त्यायले माया अंगाचा," असे म्हणून ते ओशाळून हसत.

पवनारला आमची चंद्री नावाची म्हैस काही केल्या गाभण राहत नव्हती. वडिलांनी ती खाटकाला द्यायची ठरवली. तो येणार त्याच दुपारी साडू आले. गोठा चिडीचूप झाला. चंद्री मात्र पुढे आली आणि त्यांचा हात चाटू लागली. साडू पांढरेफटक पडले. मग हातमोजा चढवून त्यांनी तिला आतून तपासले, डोळे मिटून, बराच वेळ, जणू आत कोणी बोलत होते.

"काकाजी, इकू नका हिले."

"काऊन? जीन लागला काय हाताले?" वडिलांनी विचारले.

"जीन हाताले लागत नाई. पन एक बीज मोठं होऊन राह्यलं. त्याले अजून हुकूम आला नाई."

"अन् आला तं?"

"तं मी नेतो हिले घरी. जलमभर पोशीन."

खाटीक रिकाम्या हाताने परतला. चंद्री माजावर आली, फळली, आणि वर्ष सरता सरता तिला पारडी झाली.

साडू मेहुणीबाईंना घेऊन पाहायला आले. गवतावर बसले तशी पारडी धडपडत आली आणि त्यांच्या मांडीवर मान टाकून झोपली. सूर्य कलला तरी ते हलेनात.

"चला नं, बस निघून जाईन," मेहुणीबाई दारातून म्हणाल्या.

"उठवू कशी हिले?" साडूंनी विचारले.

मेहुणीबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि त्या साडूंच्या शेजारी गवतावर येऊन बसल्या.