काकांच्या उंचीचा रस्ता

"थांबा, थांबा रे! पत्रा लागायलाय टकुऱ्याला," काका वरून ओरडले. "मागं घ्या. मी वाकणार न्हाई."

वरून म्हणजे खरोखर वरून. काका दुकानातल्या लाकडी खुर्चीत मांडी घालून बसले होते आणि खुर्ची आम्हा चार पुतण्यांच्या खांद्यांवर होती. मागचा उजवा पाय माझ्या वाट्याला आला होता. त्याने माझ्या खांद्यात जो खड्डा पाडला तो अजून आहे. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं.

सकाळचे दहा वाजले होते. कापड गल्लीतले सगळे दुकानदार गिऱ्हाईक सोडून पायरीवर आले.

"काका, जितेपणीच निघाले का?" चपलांच्या दुकानवाल्याने विचारलं.

"तालीम हाय," काका म्हणाले. "तू तुझा पत्रा वर घे, मंग खरंच निघतो."

आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. भस्म लावून, मांडी घालून, फुलांच्या डोलीत बसवतात आणि बसवूनच पुरतात. तो चौघांच्या खांद्यांवरून ताठ मानेने गल्लीचा निरोप घेत जातो. म्हणजे त्याला रस्त्याची रुंदी कमी आणि उंची जास्त लागते. आमच्या गल्लीत नेमकी तीच नव्हती. उन्हासाठी म्हणून दोन्ही बाजूंच्या दुकानदारांनी पत्रे पुढे ओढले होते आणि ते मधोमध एकमेकांना भेटले होते. काकांचे थोरले भाऊ गेले तेव्हा डोली पत्र्याखाली अडकली. ज्या माणसाने उभ्या जन्मात सासऱ्यालासुद्धा वाकून नमस्कार केला नाही, त्याची मान दोघांनी हाताने दाबून खाली केली, तेव्हा डोली निघाली.

काकांनी ते पाहिलं आणि तेव्हापासून मरायचं बंद केलं. डॉक्टरांनी दोनदा आशा सोडली. दोन्ही वेळा काकांनी डोळे उघडून विचारलं, "पत्रे निघाले का?" नाही म्हटल्यावर उठून बसले आणि चहा मागितला.

पत्रे काढायचा अधिकार नगरपालिकेचा. आणि नगरपालिकेचा धनी कसा निवडायचा, याचे आमच्या तालुक्याच्या गावाने जेवढे प्रकार पाहिले तेवढे कोणाच्या पाहण्यात नसतील.

पहिल्यांदा नगरसेवक आपल्यातूनच एकाला नगराध्यक्ष करायचे. यात सोय अशी की आमचा नगरसेवक मागच्याच बोळात राहायचा. तोंडात दातवण असताना त्याला धरता यायचं. "काका, अध्यक्षाची खुर्ची माझ्या एका मतावर हाय," तो फेस सांभाळत म्हणायचा. "उद्या पत्रे काढतो." उद्या बघावं तर निम्मे नगरसेवक गायब. पंधरा दिवसांनी सगळे समुद्राकाठून काळेभोर होऊन परत आले आणि अध्यक्ष भलताच झाला. नव्याचीही तीच गत. प्रत्येक नगरसेवकाला एक मत आणि प्रत्येक मतामागे एक पत्रा: एकाचा मेव्हणा चपलांचा, दुसऱ्याचा भाडेकरू भांड्यांचा. पत्र्याला हात लावला की खुर्चीच डुगडुगायची. सगळेच आमचे होते, म्हणून काम कोणाचंच नव्हतं.

मग नियम बदलला. नगराध्यक्ष सगळ्या गावाने थेट निवडायचा. काका हरखले. "आता एकच दार, एकच धनी. नगरसेवक पाडतील हा बहाणा न्हाई."

निवडून आलेला माणूस स्वतः गल्लीत आला. कमरेवर हात ठेवून वर बघितलं, म्हणाला, "माझ्या गावात हे असं?" मला तिथेच संशय आला. तो पत्र्याकडे फार मायेने बघत होता. पण माझा संशय चुकीचा निघाला. गड्याने खरंच हुकूम लिहायला घेतला. घोटाळा निराळ्याच जागी होता. नगरसेवकांत बहुमत दुसऱ्या गटाचं. ते म्हणायचे, अध्यक्षांनी विषय आणलाच नाही. अध्यक्ष म्हणायचा, यांनी येऊ दिला नाही. त्यांना तो हलवता येईना, त्याला ते हलेनात. तिसऱ्या वर्षी अध्यक्षाच्या ध्यानात आलं की आपली खुर्ची तशीही पक्की आहे. तेव्हापासून एकच दार होतं हे खरं, पण ते आतून बंद असायचं.

मुदत संपली. निवडणूक काही लागेना. पालिकेवर प्रशासक बसला. अध्यक्ष नाही, नगरसेवक नाही. उरली फक्त अर्ज घ्यायची खिडकी. काकांनी त्या खिडकीत इतक्या दरखास्ती दिल्या की कारकून त्यांची चळत पाटासारखी घेऊन जेवायला बसायचा. शेवटी एक दिवस तो कंटाळून म्हणाला, "काका, उंची कमी पडते म्हणून लिवता. लागते किती, ते कुठं लिवलंय?"

हा प्रश्न काकांना पटला. म्हणून ती तालीम, म्हणून ती खुर्ची, आणि म्हणून माझा खांदा.

खुर्ची पत्र्याखाली अडकली तेव्हाच मागून जीपचा हॉर्न वाजला. जीपमधून प्रशासक बाई उतरल्या. विदर्भातून नुकत्याच आलेल्या, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या.

"काय चाललंय?"

"म्याडम, माझी मयत," काका वरून म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. साहेब लोक अशा वेळी हसले नाहीत की मी घाबरतो. त्यांनी कापडवाल्याकडून टेप मागवली, जमिनीपासून काकांच्या टोपीपर्यंत माप घेतलं, वर वीतभर धरलं आणि वहीत लिहून जीपमध्ये बसल्या. "आता ही वही हरवणार," भांडीवाला म्हणाला, आणि सगळ्यांना बरं वाटलं.

चौथ्या दिवशी कटर आला. दुपारपर्यंत गल्लीत एक पत्रा राहिला नाही. पहिला गेला तो आमच्याच दुकानाचा. ऊन असं कोसळलं की गठ्ठ्यातली हिरवी लुगडी संध्याकाळपर्यंत पांढरी झाली. काही दुकानदारांनी आभाळ पहिल्यांदाच पाहिलं. एकाने विचारलं, हे कोणी लावलं? सगळे फोन काढून उभे होते, पण लावायचा कोणाला, ते कोणालाच कळेना. बाईंना कोणाचंच मत नको होतं.

त्याच झपाट्यात मंदिरापुढचा म्हाताऱ्यांचा ओटाही गेला. त्याबद्दल कोणाचा अर्ज नव्हता. वहीत होता म्हणे.

काका त्या उन्हात उभे राहिले. मान वर करून बराच वेळ मोकळ्या जागेकडे बघत होते. मला वाटलं, खूश होतील.

"एका मापावर एवढं?" ते म्हणाले. "काहीतरी हाय यात."

मलाही तेच वाटत होतं. जिने आमचं ऐकलं, तिला कोणाचंच ऐकायची गरज नव्हती. आज आमच्या बाजूने ऐकलं, एवढंच. ओट्याचं विचारायला आम्ही पालिकेत गेलो तेव्हा बाईंची बदली झाली होती आणि नव्या साहेबांना ओटा कुठे होता हेच ठाऊक नव्हतं.

मग एकदाची निवडणूक लागली. नगराध्यक्ष पुन्हा थेट. एक उमेदवार हार घालून गल्लीत आला तेव्हा उन्हासाठी कपाळावर हात धरून उभे असलेले दुकानदार एका आवाजात म्हणाले, "पत्रे."

"निवडून आलो की दुसऱ्या दिवशी," त्याने हात जोडले.

काका आमच्या पायरीवर बसले होते. "पत्रे लागले तर मी कसा जाऊ?" ते म्हणाले. एकदाच म्हणाले, आणि आवाजही चढवला नाही. थोरल्या काकांची मान दाबणाऱ्या दोघांपैकी एक तिथेच उभा होता. त्याने खाली बघितलं.

उमेदवार हुशार होता. कार्यकर्त्यांना मागे थांबवून काकांशेजारी पायरीवर टेकला, त्यांचा हात हातात घेतला. एका हाताला गल्लीभर मतं आणि दुसऱ्या हातात म्हातारा; काय करावं ते त्याला सुचत नव्हतं, हे कपाळावर दिसत होतं.

"काका, तुमचा मान राखायचाच हाय," तो शेवटी हळू आवाजात म्हणाला. "तुमचं होईस्तवर पत्रे लावू देत न्हाई. फकस्त अंदाज सांगा. किती दिवस धरायचे?"

काकांनी हात सोडवून घेतला.

"तुमची पाच वर्षं झाल्याबिगर मी जात न्हाई."