जप्ती नव्हे, झटका

"ही एपिलेप्सी आहे," न्यूरोलॉजिस्ट म्हणाले. "म्हणजे अपस्मार. आपल्याकडे मिरगी म्हणतात, फेफरं म्हणतात. मेंदूच्या पेशींचं काम अगदी सौम्य विजेवर चालतं. कधीकधी एका भागातल्या पेशी एकदम भडकतात आणि झटका येतो. त्याला आम्ही सीझर म्हणतो." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून विचारलं, "हा दात झटक्यात पडला का?"

नाही, मी म्हटलं. चमच्याने पाडला.

मी वणीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. अकरावीचं प्रात्यक्षिक चालू असताना मी फळ्याजवळ कोसळले. हातपाय ताठ झाले, मग आचके सुरू झाले. धावून आले ते आमचे उपप्राचार्य. ते प्राणिशास्त्राचे. बेडकाच्या मेंदूची आकृती त्यांनी सबंध नोकरीभर फळ्यावर काढली आहे. त्यांनी पायातली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली आणि दातखीळ उघडायला कॅन्टीनमधून चमचा मागवला. मी भानावर आले तेव्हा तोंडात रक्त होतं आणि सर जमलेल्यांना सांगत होते की आपण वेळेवर पोचलो म्हणून बाई वाचल्या. स्टाफरूममध्ये त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा तेवढा राहिला.

यवतमाळच्या त्या न्यूरोलॉजिस्टच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. चप्पल शोधून, काढून, नाकाला लावेपर्यंत झटका थांबायच्या बेतात आलेला असतो. श्रेय चपलेला मिळतं. पिढ्यान्पिढ्या असंच मिळत आलं आहे, आणि पदव्या घेतलेल्या माणसांनीही त्यावर कधी शंका घेतलेली नाही.

खरं तर सुरुवात आधीच झाली होती. शिकवताना मध्येच काहीतरी जळाल्याचा वास यायचा. वर्गात कुणालाच यायचा नाही, फक्त मला. मग काही क्षण मी गप्प व्हायची, ओठ चाटत राहायची, आणि पुन्हा बोलायला लागले की वाक्य कुठे सुटलं ते आठवायचं नाही. विद्यार्थ्यांना वाटायचं मॅडम विचारात आहेत. सहकाऱ्यांना वाटायचं मॅडम शिष्ट आहेत. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी न तपासता अशक्तपणा ठरवला आणि टॉनिक लिहून दिलं. हे छोटे झटकेच होते. त्यांना फोकल सीझर म्हणतात, म्हणजे मेंदूच्या एकाच भागातून उठणारा झटका. तुमच्या घरी कुणी असं मध्येच हरवत असेल, तर टॉनिकच्या बाटलीवर समाधान मानू नका.

तपासण्या दोन झाल्या. ईईजी म्हणजे डोक्याला वायरी चिकटवून मेंदूतली वीज कागदावर उतरवतात. दुखत नाही. केसांना तेल न लावता जायचं, एवढंच. एमआरआय म्हणजे चुंबकाच्या बोगद्यात झोपवून मेंदूचे फोटो काढतात. आत हातोडे मारल्यासारखा आवाज येतो, तो सहन करायचा. माझ्या एमआरआयमध्ये गाठ नव्हती, जखम नव्हती. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. एक वेळही चुकवायची नाही, जागरण करायचं नाही, गाडी चालवायची नाही. गोळीने बहुतेकांचे झटके आटोक्यात येतात, असंही म्हणाले. मला वाटलं, आता घरी जाऊन आराम करायचा.

घरी माझ्या आजारापेक्षा मोठा आजार वाट पाहत होता.

आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माझा नवरा नितीन कोळसा खाणीच्या कार्यालयात नोकरीला आहे. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात केळापूरकडच्या एका गावातून वैदूची पुडी आणली. अट अशी की इंग्रजी औषध बंद करायचं. मी पुडी हुंगली. झाडपाल्यापेक्षा औषधाच्या दुकानाचा वास जास्त होता. पुढच्या खेपेला ती मी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. ते म्हणाले, "अशा पुड्यांत बऱ्याचदा आमच्याच जुन्या गोळ्या कुटून घातलेल्या असतात. किती, ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि तुमची गोळी एकदम बंद केली, तर झटक्यांमागून झटके येऊ शकतात. त्यात माणूस दगावतो." मी हे घरी जसंच्या तसं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, डॉक्टर असंच म्हणणार, त्याचा धंदा आहे. वैदूचं काय आहे, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

मग मधुकरकाका आले. हे माझे चुलत सासरे, यवतमाळला वकिली करतात. नेरहून माझ्या बाबांनाही बोलावून घेतलं होतं. बैठकीच्या खोलीत सोफ्यावर बसून काकांनी निकाल दिला की आपली फसवणूक झाली आहे, मिरगीच्या पोरीशी लावलेलं लग्न कायद्याने रद्द होतं, आणि झालंच तर अशा बाईला मूल होऊ देणं धोक्याचं. बाबा हात जोडून बसले होते. माझे बाबा कुणापुढे असे बसलेले मी कधी पाहिले नव्हते. लग्नाच्या वेळी मला स्वतःलाच काही ठाऊक नव्हतं, असं मी म्हटलं, तर काका अतिशय प्रेमाने म्हणाले, "तू बिमार आहे बेटा. तू आराम कर."

नितीन ड्यूटीवर जायचंय म्हणून उठला. त्या दिवशी त्याची रजा होती.

मी माहिती शोधायला लागले. मराठीत एपिलेप्सी टाकलं, की जे वर येतं ते वाचून धडधाकट माणसालाही झटका यावा. एका ठिकाणी मिरगीमुक्तीचा संच घरपोच मिळत होता. एका व्हिडिओत दाढीवाले गृहस्थ नाकात टाकायचा रस सांगत होते, आणि खाली हजार लोक हात जोडून होते. एका मोठ्या संकेतस्थळाची मराठी आवृत्ती सापडली तेव्हा मला आनंद झाला. ती यंत्राने भाषांतर केलेली होती. सीझरचं त्यांनी जप्ती केलं होतं. रुग्णाला जप्ती आल्यास घाबरू नका. जप्ती पाच मिनिटांपेक्षा जास्त चालल्यास रुग्णालयात न्या. मी फोन चार्जिंगला लावून स्वयंपाकघरात गेले, तर सासूबाईंनी ते पान वाचलं आणि घाबऱ्याघुबऱ्या विचारायला आल्या की घरावर जप्ती येणार आहे का. त्यांना दोष द्यावा असं वाटलं नाही. दोष ज्यांना द्यायचा ते कुठल्यातरी थंड खोलीत बसून मराठी वाचकांची सेवा केल्याचं समाधान मानत असतील.

एका मदतवाहिनीवर फोन केला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एका मुलीने हिंदीत गाव विचारलं. यवतमाळ म्हटल्यावर ती म्हणाली, तिथे आमचं काही नाही, तुम्ही पुण्याच्या सभेला या. दवाखान्यातून एक पत्रक मिळालं. ते इंग्रजीत होतं आणि त्यावर समुद्रकिनाऱ्यावर धावणारी गोरी बाई होती.

कामाची माहिती मिळाली ती तालुका कोर्टाच्या आवारात. तिथे विधी सेवेची एक खोली असते, आणि बायकांना सल्ला फुकट मिळतो. तिथल्या वकीलबाईंनी कायद्याचं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. लग्नाच्या अटींमध्ये अपस्माराचा उल्लेख पूर्वी होता, तो केव्हाच काढून टाकला आहे. "तुमच्या काकांनी जुनं पुस्तक वाचलं असेल," त्या म्हणाल्या. मला तसं वाटलं नाही. काका दर वर्षी नवं पुस्तक घेतात.

दुसरं माणूस म्हणजे शोभाताई. त्याही नेरच्या. यवतमाळच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहताना शेजारी बसल्या होत्या. त्यांची मुलगी प्राची बीएला आहे, तिला शाळेपासून झटके येतात. बाकावर बाकीचे लोक आपण पोटदुखीसाठी आलो आहोत असा चेहरा करून बसले होते. शोभाताईंनी सरळ विचारलं, "तुमाले कोणती गोळी देल्ली?"

मी नाव सांगितलं.

"चिडचिड होते?"

मला रडूच आलं. गेला महिनाभर मी घरात, वर्गात, सगळ्यांवर खेकसत होते आणि समजत होते की माझं डोकं खरंच बिघडलं आहे.

"ते तुमी नाही चिडत बाई, गोळी चिडते," शोभाताई म्हणाल्या. "प्राचीलेही असंच झालतं. डॉक्टरले सांगा. लपवून कायले राह्यल्या?"

मी आत जाऊन सांगितलं. डॉक्टरांनी औषध बदललं. पंधरवड्यात मी पुन्हा माणसात आले. इतकं साधं होतं ते, आणि कुणीही मला विचारलं नव्हतं.

शोभाताईंनीच ठरवलं की झटके येणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी एकत्र जमायचं. यवतमाळला त्यांच्या भावाच्या वस्तीत बुद्धविहार आहे, तिथलं सभागृह रविवारी मिळालं. डॉक्टर यायला तयार झाले. मला एकटीने प्रवास करायला घरून मनाई होती, म्हणून नितीन आला. मोबाइल काढून दाराजवळ बसला. तिथून त्याला लवकर निघता आलं असतं.

त्या दिवशी वणीचाच एक ट्रकचालक बोलला. स्टीअरिंगवर असताना डोळ्यांपुढे अंधार आला, तर त्याने गाडी बाजूला घेतली आणि स्वतःहून चालवणं सोडलं. आता तो गोदामात हिशेब पाहतो. कुणी सांगायच्या आधी, म्हणाला, मीच मालकाले सांगितलं. नितीनने मोबाइल खिशात ठेवला.

मग डॉक्टरांना प्रात्यक्षिकासाठी कुणीतरी हवं होतं. त्यांनी नेमकं नितीनला सतरंजीवर झोपवलं. इतका वेळ नुसता बसलेला पुरुष त्यांना तोच दिसला असावा. शोभाताई आणि आणखी दोघींनी त्याला कुशीवर वळवलं. त्याच्या डोक्याखाली घडी केलेली ओढणी ठेवली, शर्टाचं वरचं बटन सोडलं. डॉक्टर सांगत होते, "हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात काहीच घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आसपासची टोकदार वस्तू दूर करायची. घड्याळ पाहायचं. पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखाना." नितीन परक्या बायकांच्या मध्ये डोळे मिटून पडला होता. परतीच्या एसटीत करंजी आलं तेव्हा तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "कांदा हुंगवून काहीच होत नाही का?" मी म्हटलं, नाही.

काही आठवड्यांनी मधुकरकाका कागद घेऊन आले. लग्न रद्द करण्याचा अर्ज तयार होता, नितीनने सही करायची होती. मी चहा घेऊन बाहेर आले आणि मला तो जळाल्याचा वास आला. ट्रे खाली ठेवून "नितीन, येतंय" एवढं म्हटल्याचं आठवतं. पुढचं मला सासूबाईंनी सांगितलं, एकदा नाही, कितीतरी वेळा, कारण त्यांनाही ते सांगायला आवडतं.

काका आधी कांदा आणा म्हणून ओरडले. मग बूट काढायला वाकले. नितीनने मला कुशीवर घेतलं, अंगातला शर्ट काढून डोक्याखाली दिला आणि म्हणाला, "काका, हात नका लावू तिले." काका बूट हातात घेऊन उभेच. "आई, घड्याळ पाह्य," नितीन म्हणाला. सासूबाईंनी घड्याळ पाहिलं. मंत्र म्हणायचा की मोजायचं, हे कळेना म्हणून दोन्ही केलं, असं त्या म्हणतात.

भानावर आले तेव्हा नितीन बनियनवर बसला होता. त्याचा हात माझ्या पाठीवर होता. काका एकच बूट घालून व्हरांड्यात होते. त्यांनी आत डोकावून सहीचं काय ते विचारलं. माणूस पुरता शुद्धीवर यायच्या आत सही मागता येते, हा वकिलीतला अनुभव असावा.

नितीन उठला नाही. "कागद घेऊन जा काका," तो म्हणाला. "मी सही करून नाही राह्यलो. आजही नाही, उद्याही नाही."

त्याच्या पहिल्या पळपुटेपणाबद्दल मनात जे साठलं होतं, ते त्या दिवशी सगळं गेलं असं मी म्हणणार नाही. पण मोठा भाग गेला.

औषधाची मात्रा वाढवल्यावर मला पुन्हा झटका आलेला नाही. मूल हवं हे आम्ही डॉक्टरांना आधीच सांगितलं होतं. हे आधी सांगणं फार महत्त्वाचं, कारण काही औषधं पोटातल्या बाळाला बाधू शकतात. तशी गोळी असेल तर ती दिवस राहायच्या आधीच, डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलावी लागते. आपल्या मनाने बंद करायची नाही. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी असते. आता मला सहावा महिना आहे. काका अजूनही मोबाइलवर सल्ले पाठवतात, नितीन ते न उघडता पुसतो. वैदूकडे सासूबाई गुडघ्यांसाठी जातात. तेवढं मी चालवून घेते.

ज्यांनी मला चप्पल हुंगवली, पुडी दिली, जप्ती वाचायला लावली, त्यांच्याबद्दल माझ्या मनात क्षमा वगैरे नाही. माहिती मिळवायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं. पण डॉक्टरांचे, त्या वकीलबाईंचे आणि शोभाताईंचे उपकार मी विसरणार नाही. मला काय होतंय, हे त्यांनी मला विचारलं.

तुमच्या घरी कुणाला झटके येत असतील, तर ज्या दवाखान्यात जाता तिथे शेजारच्या बाकावरच्या माणसाला विचारा, कोणती गोळी चालू आहे. तो पोटदुखी सांगेल. दुसऱ्यांदा विचारा. आणि आमच्या जिल्ह्यातले असाल, तर रविवारी विहारात या. बरेच जण पहिल्यांदा तोंडाला दुपट्टा बांधून येतात, कुणी ओळखू नये म्हणून. आम्ही काही म्हणत नाही. सभागृहात पंखा एकच आहे आणि ऊन यवतमाळचं. चहा येईपर्यंत दुपट्टा मांडीवर असतो.