ओढ्यापलीकडचं तूप

ती घटना आठवली की आजही आधी माझे बूट आठवतात. युद्धाचे दिवस होते, मी जामखेड तालुक्यात नवाच फौजदार. एका लग्नाच्या चौकशीसाठी बूट हातात धरून मी ओढा ओलांडला आणि थेट निजामाच्या राज्यात जाऊन उभा राहिलो. ओढ्याच्या अलीकडे इंग्रजी मुलूख, पलीकडे मोगलाई; म्हणजे कायद्याने परदेशच. तिकडच्या जमादाराने मला बाजेवर बसवलं, चहा पाजला आणि म्हणाला, "फौजदारसाब, आता बूट घाला आन् आपल्या मुलखात जावा."

प्रकरण असं होतं. आमच्या हद्दीतल्या एका बड्या बागायतदाराने दहा वर्षांच्या थोरल्या मुलीचं लग्न ओढ्यापलीकडे जाऊन लावलं. तिकडे आपला कायदा नाही, हा हिशेब. पण कायद्यात दुरुस्ती झाली होती: इथल्या रयतेने परमुलखात बालविवाह लावला तरी खटला इथेच. निजामाच्या दरबारातल्या इंग्रज रेसिडेंटसाहेबांचा दाखला तेवढा लागे; तो मिळाला. मुलीच्या मामाने कोर्टात फिर्याद दिली आणि मॅजिस्ट्रेटने चौकशी माझ्याकडे पाठवली.

मामा ठाण्यात आला तो तक्रार घेऊनच. "सख्खा मामा मी. मला आवतान न्हाई, फेटा न्हाई."

मी जरा कंटाळून म्हणालो, "फेट्यासाठी खटला?"

"फेटा ऱ्हाऊ द्या, साहेब. धाकटीचं ठरलंय फुडल्या म्हैन्यात. आठ वर्सांची हाय. पाटीवर आत्ताशी नाव लिवाय लागलीया."

तेव्हा मी कागद पुढे ओढला.

बागायतदाराला बोलावलं. अंगावर धुवट धोतर, चेहऱ्यावर सुरकुती नाही.

"लगीन? कुनाचं लगीन? पाव्हन्याकडं गेल्तो. जेवून आलो."

तीन तास हेच. सगळं गावही हेच सांगत होतं. माझे प्रश्न संपले, हवालदाराला जांभया येऊ लागल्या. तेवढ्यात कोपऱ्यातून मामा पुटपुटला, "जेवला आसंल. पन कोरडंच. पंगतीला तूप न्हवतं म्हनं."

बागायतदार ताडकन उठला. "कोन म्हनतं न्हवतं? दोन डबं वतलं लग्नात! आचाऱ्याला इचारा!"

हवालदाराची जांभई अर्ध्यातच राहिली.

मी ते अक्षरन् अक्षर लिहून घेतलं आणि ऐटीत मॅजिस्ट्रेटपुढे ठेवलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "फौजदार, पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. परीक्षेत विचारलं नव्हतं का?" विचारलं होतं. आनंदात विसरलो.

राहिला आचारी. तो मोगलाईतला, आमचं समन्स त्याला लागू नाही, आणि माझे पाय एकदा ओले झालेच होते. पण समन्स अडतं तिथे बदनामी अडत नाही. आठवडी बाजाराला पलीकडची माणसंही येत. मी मामाला एवढंच सांगितलं, "तुपाचं बाजारात बोला."

पुढच्याच बाजारी एक धिप्पाड म्हातारा ठाण्यात शिरला. हातात झारा.

"माज्या पंगतीला तूप न्हवतं म्हननारा दावा मला."

हा आचारी. कोर्टातही तो आपल्या पायांनी आला. पदार्थ सांगितले, डबे सांगितले, अक्षता कोणी टाकल्या तेही सांगितलं.

"नवरी पाहिली?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

म्हाताऱ्याचा आवाज उतरला. "पाहिली तर. बापानं कडेवर आनली, झोपली हुती. जेवायला पन उठली न्हाई. तिचं ताट मी झाकून ठिवलं."

बापाला दंड झाला आणि धाकटीच्या लग्नाला मनाई हुकूम निघाला. बाहेर येताच बागायतदाराने मला गाठलं. "दंड भरतो, साहेब. पन तुपाचं लिवून घेतलंय न्हवं?"

थोरलीचं लग्न मोडलं नाही. कायद्यात ते नव्हतंच. पण जाणती होईपर्यंत ती माहेरीच राहिली आणि बहिणीबरोबर शाळेत गेली. धाकटी सातवीची फायनल पास झाली तेव्हा मामा पेढे घेऊन आला होता, डोक्यावर नवा फेटा. भाचीच्या बापानेच बांधला होता म्हणे. कायदा माणसाला हद्दीपर्यंत नेतो, पुढे माणूस ओळखावा लागतो, हे मी त्या म्हाताऱ्याच्या झाऱ्याकडून शिकलो.

निकालाच्या दिवशी जेवताना मी हे सगळं फुशारकीने घरी सांगितलं. बायको माझ्या भातावर तूप वाढत होती. तिचा हात थांबला.

"अहो, आपल्या लग्नाला तूप होतं का? मला नाही आठवत. मीही झोपले होते."