‘एकूण’ दिसलं की बेरीज

एक मे. झेंडावंदन उरकलं होतं, पोरं निकाल घेऊन घरी पळाली होती. ऑफिसात आम्ही चौघंच होतो: मी, मुख्याध्यापक, पाचवीतली सोनाली आणि तिचे वडील. सोनालीला गणितात पन्नासपैकी अकरा गुण. पास व्हायला अठरा लागतात.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, चाकूर तालुक्यातली. मी पाचवीचा वर्गशिक्षक. पूर्वी आठवीपर्यंत कुणाला मागं ठेवत नव्हते. आता पाचवीत आणि आठवीत ठेवतात. नापास मुलाला जूनमध्ये आणखी एक संधी मिळते, ती पुनर्परीक्षा. तीही गेली तर पुन्हा तोच वर्ग.

हे मी वडिलांना समजावून सांगितलं. ते चाकूरला ऑटो चालवतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, हिची लहानी बहीण चौथीतून पाचवीत यायली. दोघींना एका बाकावर बसवू का? लातूरला माझ्या अक्काची मेस हाय, क्लासच्या पोरांची. पोळ्याला माणूस मिळंना तिला. जूनमध्ये पास झाली तर ठीक, न्हाई तर तिकडंच ठेवतो."

"बघा सर," मुख्याध्यापक मला म्हणाले, "विषय तुमचा आहे."

त्या दुपारी मी तिची उत्तरपत्रिका पुन्हा काढली. साधे गुणाकार, भागाकार बरोबर. शाब्दिक उदाहरणं, म्हणजे गोष्टीसारखी मांडलेली गणितं, सगळी चूक. एका खोक्यात चोवीस पेन, तर बारा खोक्यांत एकूण किती? तिनं लिहिलं होतं छत्तीस. पाचवीचा निम्म्याहून जास्त पेपर असाच असतो. वर्षभर मी हिला काय शिकवलं, हे मला कळेना.

लातूर-नांदेडच्या शिक्षकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर अडचण टाकली. संध्याकाळपर्यंत तीन पीडीएफ, एक व्हिडिओ आणि 'प्रयत्न सोडू नका' असं लिहिलेलं गुलाबाचं चित्र आलं. रात्री कल्पना मॅडमचा फोन आला. त्यांची शाळा देगलूरच्या पलीकडं, तेलंगणाच्या सीमेवर. तिथं घरोघर तेलुगू बोलतात. त्यांच्याकडंही एक पोरगा गणितात नापास झाला होता. नाव सायलू.

"अदलाबदल करू सर," मॅडम म्हणाल्या. "तुमची पोरगी मला द्या, माझा पोरगा तुम्ही घ्या. रोज सकाळी, व्हिडिओ कॉलवर."

"त्यानं काय होईल?"

"आपल्या वर्गातलं लेकरू कुठं चुकणार, हे आपण आधीच धरून बसतो. दुसऱ्याला ते विचारावं लागतं."

मला फारसं पटलं नाही. पण दुसरं काही हातात नव्हतं.

पहिल्या दिवशी वडील सोनालीला शाळेत सोडायला आले आणि दारातच थांबले. मॅडमनी पुस्तक उघडायलाच सांगितलं नाही. नुसत्या गप्पा. मी घड्याळाकडं बघत होतो.

"अप्पाच्या ऑटोत किती माणसं बसतात गं?"

"पासिंग तीनचं हाय. बसवतेत आठ."

"अगं, साऱ्या तालुक्याला सांग की!" वडील दारातून ओरडले.

"मग तेवीस माणसं न्यायला किती फेऱ्या?"

सोनाली लगेच म्हणाली, "तीन. पण तिसऱ्या फेरीला सातच हायत. आठवा गावल्याबिगर अप्पा हलतच न्हाईत."

मी उठून उभा राहिलो. असाच भागाकार तिनं पेपरात बेरीज करून सोडवला होता. मग मॅडमनी पेनांचं गणित विचारलं.

"छत्तीस."

"का?"

"एकूण हाय की त्यात." सोनालीनं भिंतीकडं बोट केलं.

भिंतीवर तक्ता होता. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, 'प्रत्येकी' दिसलं की भागाकार. हा तक्ता ग्रुपवरच आला होता. शिक्षकांनी एकमेकांना पाठवला, मी त्याचा फ्लेक्स करून घेतला. वर्ग तो रोज एका सुरात म्हणायचा. भेटीला आलेल्या साहेबांनी त्याचा फोटोही काढला होता. बाकीची पोरं तक्ता म्हणायची आणि गणित आपल्या मनानं करायची. सोनाली मात्र सांगितल्याप्रमाणे करायची.

"मॅडम, मी आत्ताच्या आत्ता तो काढतो."

"तुमच्याकडचा काढा. माझ्याकडं पण लावलाय. सायलूला मात्र तोच शिकवा."

"का? चुकीचा आहे ना?"

"सायलूला मराठी वाचता येतं, कळत नाही. त्याला धरायला काहीतरी पाहिजे."

सायलूला मी विचारलं, "उरले म्हणजे काय रे?"

"वजाबाकी, सर."

"ते झालं. पण म्हणजे काय?"

त्यानं मागं मॅडमकडं वळून बघितलं. मग हळूच म्हणाला, "मिगिलिंदि?"

मला तेलुगू येत नाही. मागून मॅडम ओरडल्या, "बरोबर आहे सर, बरोबर!" तेव्हापासून तक्त्यातल्या प्रत्येक शब्दाला आम्ही तेलुगू शब्द जोडत गेलो. तो मला शिकवायचा, मी त्याला.

मेच्या मध्यावर सोनाली यायची थांबली. वडिलांना फोन केला, तर म्हणाले, "अक्काला एक बाई मिळाली होती, ती पण पळून गेली सर. चार दिवस धाडलंय."

चार दिवसांचे आठ झाले. मी एसटीनं लातूर गाठलं. मेसच्या स्वयंपाकघरात सोनाली पोळ्या लाटत होती. तिची आत्या तव्यापाशी.

"परीक्षेला धाडते की मी," आत्या म्हणाली.

"अभ्यासाचं काय? रोज अर्धा तास तुमचा फोन तिला द्या."

"माझा फोन? त्याच्यावर डब्याच्या ऑर्डरी यायलेत, सर!" पोळी उलटता उलटता तिनं विचार केला. "बरं. मॅडमला म्हणावं, स्पीकरवर बोला. हात रिकामा न्हाई पोरीचा."

म्हणून राहिलेला अभ्यास लाटण्यावर झाला. ते मला बघता येत नव्हतं आणि त्यानं जीव आणखी खालीवर व्हायचा. रोज संध्याकाळी मी मॅडमना फोन करायचो.

"अपूर्णांक झाले का?"

"निम्मे."

"परिमिती?"

"आज काहीच झालं नाही. आत्याच मधून उत्तरं द्यायली होती. शेवटी सांगितलं, बाई, परीक्षा तुमची नाही. सर, तुम्ही सायलूचं सांगा."

सायलू चुकत होता, पण आता कुठं चुकतो ते सांगत होता. तेवढंच मी सांगायचो.

जूनमध्ये पुनर्परीक्षा झाली. सोनाली लातूरहून आदल्या दिवशी आली. पेपर सुटल्यावर मी विचारलं, "एकूण होतं का गं कुठं?"

"दोनदा होतं. एकदा बेरीज होती, एकदा न्हवती."

निकाल लागला. सोनालीला पन्नासपैकी सव्वीस. देगलूरहून मॅडमनी कळवलं: सायलूला अठरा. एकही जास्त नाही, पण पास. मी दोनदा विचारून खात्री केली.

गुणपत्रक सोनालीच्या वडिलांच्या हातात दिलं. ते आकड्यावरून बोट फिरवत म्हणाले, "म्हंजी सहावी?"

"सहावी."

त्यांनी तिथंच फोन लावला. "अक्का, पोळ्याला दुसरी बाई बघ."

दुसऱ्याचा उपाय घ्यावा, पण तो कोणत्या लेकरासाठी केला होता, एवढं आधी विचारावं. हे मी सगळी हकीगत लिहून ग्रुपवर टाकलं. दोघांनी नमस्काराचे हात पाठवले. तिसऱ्यानं विचारलं, "सर, त्या तक्त्याची पीडीएफ मिळेल का?"