बागेखालची विहीर

आमच्या गावातल्या बागेचं पाटीवरचं नाव मोठं आहे, पण सगळे तिला जिल्ह्याची बाग म्हणतात. लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याची आठवण म्हणून ती केली. मधोमध चबुतरा, त्यावर काळ्या दगडाचा खांब आणि खांबापुढं झाडाचं आळं. ते आळं उद्घाटनाला आलेल्या मंत्र्यांनी स्वतः कुदळ मारून केलेलं, म्हणून जागा हलवायची नाही. दर वर्षी जिल्हा झाल्याच्या दिवशी त्याच आळ्यात रोप लावायचं, फोटो काढायचा. आधी वड लावला, मग कडुलिंब, मग गुलमोहर. दिवाळीच्या आत काटकी व्हायची. लोक हसायचे, "जिल्हा लागला, पण झाड काही लागंना." दोष दुष्काळाला जायचा. मीही हसायचो.

बाग झाली त्या वर्षी पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता. चबुतरा आहे तिथं तेव्हा विहीर होती. आमच्या बौद्धवाड्यातल्या आणि पलीकडच्या मुसलमान गल्लीतल्या बाया तिथूनच पाणी भरायच्या. त्या उन्हाळ्यात ती तळाला गेली. ती बुजवून वर खांब उभा करायचं ठरलं. मी नुकताच नगरपालिकेत रोजंदारीवर लागलो होतो. आमच्या घरातली ती पहिली नोकरी. विहीर बुजवायच्या कामावर मलाच मुकादम नेमलं.

मुरमाचे ट्रॅक्टर मंत्री येणार होते त्या रस्त्याकडं वळवले होते. ओव्हरसिअर साहेब म्हणाले, "गोदामात जुना माल पडलाय, तो टाक खाली. वरून मुरमाचा थर दे. कोण बघतंय?" जुना माल म्हणजे शेतीचं मुदत संपलेलं औषध. कीड मारायच्या गमेक्सिन पावडरीच्या फुगलेल्या गोण्या, तण मारायच्या औषधाचे गंजलेले डबे. भर दुपारी, गल्ली दारं लावून पडलेली असताना, आम्ही ते विहिरीत ओतलं. वासानं डोळ्यांतून पाणी यायचं.

मुसलमान गल्लीतली, विहिरीला लागूनच राहणारी खाला, म्हणजे सगळ्यांचीच मावशी, तेवढी दारात आली. नाकाला पदर लावून म्हणाली, "बेटा, काय करायलास? पाऊस आला की पाणी येतंय हिला."

"चुना हाय, खाला," मी म्हणालो. "घरात जा. डोळ्यात जाईल."

ती गेली. माझ्यावर तिचा विश्वास होता. लहानपणी मी तिच्याच ओट्यावर खेळलेला.

पुढच्या वर्षी बागेच्या भिंतीबाहेर, खालाच्या दारासमोर, हातपंप बसवला. पाणी लागलं तेव्हा गल्लीत गूळ वाटला. मी तो गूळ हातात धरून घरी आलो आणि आईला म्हणालो, "त्या पंपाचं पाणी आणू नको. जड हाय." आईनं का म्हणून विचारलं नाही. नोकरीवाला पोरगा सांगतोय म्हटल्यावर ती रेल्वे फाटकाजवळच्या आडावर जायला लागली. मी आईला सांगितलं, आणखी कुणालाच नाही. पुढं कित्येक वर्षं मी हे कुणापाशी बोललो नाही.

खालाची शेळी मेली. पुढं तिच्या धाकट्या पोरीला झटके यायला लागले. लोकांनी दर्ग्याला नेली, नांदेडच्या डॉक्टरला दाखवली. पोरगी गेली. त्या पाण्यानंच गेली असं मी म्हणू शकत नाही. पाण्यानं गेली नाही, असंही मला म्हणता येत नाही. माती द्यायला मी गेलो होतो. परत येताना पंपाशी थांबून सगळ्यांनी हात धुतले, मी धुतले नाहीत.

काही वर्षांनी पंप आटला, दांडा कुणीतरी काढून नेला. तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, मिटलं आता.

मग लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा आला. आमच्याकडं टँकरही वेळेवर येईना. सगळ्यांना ती जुनी विहीर आठवली. झरा नेमका कुठं होता हे दाखवायला खालाला आणलं. ती आता कमरेत वाकलेली. काठीनं चबुतऱ्याच्या कडेला टोचून म्हणाली, "हितं." आळ्याला खेटूनच बोअरची गाडी लागली. मी आता नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात, म्हणून तिथं माझीही ड्यूटी. बोअर कोरडी जावी, असं मी मनात घोकत होतो. भर दुष्काळात असं घोकणारा गावात मी एकटाच असेन.

पाणी लागलं. मोटार सोडून चालू केली. पाणी आधी पांढुरकं आलं, मग नितळ. पोरं नाचली. घागरी, ड्रम, तेलाचे डबे, सगळी रांग लागली. नगराध्यक्ष म्हणाले, "पहिली कळशी खालाची. तिनंच जागा दावली." कुणीतरी ओरडलं, "खाला, आता झाड बी लागंल बघ!" हशा झाला.

कळशी भरली. खालानं ओंजळ केली. तिच्या ओंजळीला तो वास होता. मला तर आला. बाकी कुणाला येत होता की नाही, माहीत नाही.

मी तिचं मनगट धरलं. "खाला, पिऊ नका. खाली औषध हाय. मीच टाकलंय."

पाणी तिच्या बोटांतून गळून गेलं. साहेब लोक एकमेकांकडं बघायला लागले. मी सगळं सांगितलं. गोण्या, डबे, चुना म्हणालो होतो ते. रांगेतल्या बाया हळूहळू मागं सरल्या.

खालानं आळ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "तुझी माय माझ्या दारावरून रिकामी घागर घिऊन पुढं जायची. मी हाक मारायची, अगं, हितं पाणी हाय की. ती मान खाली घालून जायची. मला वाटायचं, आमच्या दारचं पाणी नको वाटतंय तिला. मी तिच्याशी बोलणं सोडलं."

"तिला काही ठावं नव्हतं, खाला. मी नको म्हणून सांगितलं होतं."

"तिला सांगितलंस," ती म्हणाली.

कळशी तिथंच ठेवून ती भिंतीच्या कडेकडेनं घराकडं गेली. दार लावल्याचा आवाज आला. मोटार चालूच होती. बंद करायचं बटण माझ्याच हाताशी होतं, ते मी दाबलं.