रंभाबाई बसल्या की बंद पडणारी गाडी

गाडी नीट चालली की मनोहरराव रेवतकरांना थोडं चुकल्यासारखंच व्हायचं. खापरखेड्याच्या वीज केंद्रात उभी नोकरी बॉयलरचे आवाज ऐकण्यात गेली. निवृत्तीनंतर गोधनी रोडवरच्या घरासमोर ऐकायला उरली ती एक पांढरी, उंच, म्हातारी डिझेल गाडी. ती जरा वेगळी खोकली की हे हातातला चहा तसाच ठेवून बाहेर. धूर काळा आला म्हणजे गाडीला श्वास पुरत नाही, असं म्हणत ते हवेचा फिल्टर काढून अंगणाच्या फरशीवर आपटत आणि निघालेली धूळ दोन बोटांत चोळून बघत. धूर पांढरा आला आणि थंडीत इंजिन कुरकुरायला लागलं, की हीटर प्लग एकेक करून बॅटरीला बल्ब लावून तपासत. मेलेला प्लग सापडला की चेहऱ्यावर असा आनंद, की रस्त्यानं जाणाऱ्यानं थांबून विचारावं, घरात काही शुभकार्य आहे का.

गाडी बिघडली म्हणून चिडणारी माणसं पुष्कळ असतात. मनोहररावांना राग कधी यायचा नाही, नुसता प्रश्न पडायचा. एकदा प्रश्न पडला, की त्याचं उत्तर मिळेपर्यंत घरातल्या माणसांनी आपलं आपण बघायचं.

पण या हिवाळ्यात गाडीनं जे काढलं, त्यानं त्यांनाही घाम फोडला. त्यांच्या बायकोचं, रंभाबाईंचं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस असायचं, शहरात, धंतोलीतल्या एका दवाखान्यात. नेमकी त्याच फेऱ्यांना गाडी वाटेत दम तोडू लागली. गोधनीहून झकास निघायची, मानकापूर मागे टाकायची आणि सदरच्या उड्डाणपुलावर चढली, की जोर कमी होत होत, दोन-तीन आचके देऊन गप्प. मागून हॉर्नचा गदारोळ. मनोहरराव बॉनेट उघडून इकडे हात लाव, तिकडे हात लाव करायचे, आणि बऱ्याच वेळानं गाडी आपली आपण सुरू व्हायची. काय केलं म्हणून सुरू झाली, हे तिलाच ठाऊक.

असं होऊन दोनदा दवाखान्यात पोचायला उशीर झाला. सकाळच्या वेळेसाठी तिथं रांग लागलेली असते. तिथली नर्स प्रीती भली मुलगी, पण तीही शेवटी म्हणाली, "काका, आता अजून एकदा उशीर झाला, तर सकाळची जागा दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. मग तुम्हाला रात्रीची वेळ मिळेल." रात्री उशिरा मशीनवरून उठून एवढ्या लांब घरी यायचं म्हणजे रंभाबाईंचे हाल. डायलिसिस झाल्यावर त्यांना धड उभंही राहवत नसे. ही सकाळची जागा गेली तर सगळंच अवघड होणार, हे दोघांनाही कळत होतं.

पुण्याहून मुलाचा, अश्विनचा, फोन आला. "बाबा, विकून टाका ना ती गाडी. टॅक्सी बोलवत जा." टॅक्सी एकदा बोलावलीही होती. तिच्यात पुढं लटकवलेल्या सुगंधी बाटलीच्या वासानं रंभाबाईंना जी मळमळ सुरू झाली, ती धंतोली येईपर्यंत थांबली नाही. "त्याच्यापेक्षा आपली गाडी बरी," असं मनोहरराव त्या दिवशी ठसक्यात म्हणाले होते. रंभाबाई पांघरुणाची घडी घालू लागल्या होत्या.

मग तपास सुरू झाला. पहिला संशय डिझेलच्या फिल्टरवर. तो बदलला. दुसरा संशय पाण्यावर, म्हणून फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून डिझेल काचेच्या ग्लासात काढलं आणि उन्हात धरून पाहिलं. पाण्याचा टिपूस नाही. तिसरा संशय, नळीत कुठून तरी हवा शिरते. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं, क्लिपा आवळल्या, फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबून दाबून अंगठा दुखवून घेतला. इतकं झाल्यावर गाडी पुन्हा सदरच्या पुलावर उभी; घरून लवकर निघाले होते, म्हणूनच त्या दिवशी वेळ गाठली.

मानकापूरचा जितेंद्र त्यांचा नेहमीचा मेकॅनिक. त्यानं गाडी पूर्ण ऐकून घेतली, चालवून पाहिली आणि मान हलवली.

"काका, मले तं गाडीत काहीच नाही दिसून राहिलं. मी कामठीपर्यंत जाऊन आलो. मस्त पळते."

"माह्याजवळही पळते ना. काल खापरखेड्याले जाऊन आलो. एक आचका नाही."

"मंग बंद कधी पडते?"

मनोहररावांनी तोंड उघडलं आणि उत्तर देता देता ते थांबले. हा प्रश्न त्यांनी स्वतःला इतका सरळ विचारलाच नव्हता. "रंभा संगं असली की," ते हळूच म्हणाले.

जितेंद्र पोट धरून हसला. "काकू बसल्या की गाडी रुसते म्हणा ना. मंग मी काय करू? तुम्हीच मनवा तिले."

त्याला हसायला काय जातं. मनोहररावांच्या डोक्यात मात्र भुंगा शिरला. रंभाबाई बसल्या की गाडीत काय बदलतं? वजन वाढतं. खिडकी अर्धी उघडी असते. वेळ सकाळची असते, रस्ता ठरलेला असतो. आणखी एक: दवाखान्याच्या आदल्या संध्याकाळी ते डिझेलची टाकी न चुकता काठोकाठ भरत, वाटेत कमी पडायला नको म्हणून. पण टाकी भरलेली असणं ही चांगलीच गोष्ट, म्हणून ती त्यांनी संशयातून वगळली. बाकीच्या गोष्टी तपासायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, जिथं रंभाबाई बसायच्या तिथं, त्यांनी गव्हाचं एक पोतं बसवलं. अंदाजानं थोडं कमी वाटलं म्हणून वर ज्वारीची पिशवी ठेवली. खिडकी अर्धी उघडली. रंभाबाई दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या.

"दळण घेऊन चाल्ले का?"

"नाही. तुह्या वजनाचं पाहून राहिलो."

"मी एवढी हाव का?" ज्वारीच्या पिशवीकडे बघत त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पोतं धंतोलीपर्यंत गेलं, दवाखान्याला वळसा घालून परत आलं. पुलावर गाडी अशी चढली, जशी नवी आणली तेव्हा चढायची. मनोहररावांनी हात टेकले. घरी येऊन ते पोत्याशेजारी बसले. बिघाड सापडत नाही याचं त्यांना वाईट वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर, इतका चांगला बिघाड आयुष्यात कधी भेटला नव्हता, याचं थोडं सुखही वाटत होतं.

मग त्यांना एक युक्ती सुचली. नरखेडला रंभाबाईंच्या माहेरी संत्र्याची बाग होती, आणि फवारणीच्या पंपाची मऊ, आरपार दिसणारी नळी तिथून मागे कधीतरी घरी आली होती. तिचा हातभर तुकडा कापून त्यांनी डिझेलच्या वाटेत, इंजिनाच्या पंपाच्या अलीकडे बसवला. आता गाडी बंद पडली, की आत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसणार. बुडबुडे दिसले तर हवा, नळी भरलेली दिसली तर पंप खराब. दोन्हींपैकी एक असणारच.

डायलिसिसचा दिवस उजाडला. नेहमीसारखं मनोहरराव बॉनेटमध्ये डोकं घालून ऑइल, पाणी बघत होते. रंभाबाई पाण्याची बाटली आणि पांघरुणाची पिशवी घेऊन मागच्या बाजूला काही खुटखुट करत होत्या. मग त्या बसल्या, हे बसले, गाडी निघाली. मानकापूर गेलं. पूल आला. चढ सुरू झाला आणि गाडीनं आचके दिले.

"आज नको वं बाप्पा," रंभाबाई म्हणाल्या. त्या गाडीशी बोलत होत्या.

मनोहररावांनी कडेला घेऊन बॉनेट उघडलं. नळीत बुडबुडे नव्हते. नळी भरलेलीही नव्हती. नळी चपटी झाली होती. कोणीतरी आतून ओढून धरावी, तशा तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या होत्या. ते बघतच राहिले. मागून बस, ट्रक, ऑटो शिव्या घालत चालले होते, दवाखान्याची वेळ जवळ येत होती, आणि हा गृहस्थ पुलावर उभा राहून नळीकडे टक लावून बघत होता.

पंप ओढतोय. म्हणजे पंप चांगला आहे. पण मागून काही येत नाही. काहून येत नाही? टाकी तर भरलेली आहे. भरलेल्या टाकीतून डिझेल कधी येणार नाही? जेव्हा निघालेल्या डिझेलच्या जागी हवा आत जाणार नाही, तेव्हा. आणि काठोकाठ टाकीत मुळातच हवा नावापुरती.

ते गाडीच्या मागं गेले. डाव्या बाजूला टाकीचं दार होतं; त्याचं कुलूप कधीच गेलं होतं, नखानं उघडायचं. आत झाकण नेहमीपेक्षा घट्ट बसलं होतं. त्यांनी जोर लावून फिरवलं, तशी आत हवा शिरल्याचा लांब सुस्कारा ऐकू आला. झाकणाखाली टाकीच्या तोंडावर पॉलिथिनचा तुकडा होता, आणि तो जुन्या लुगड्याच्या पट्टीनं व्यवस्थित बांधलेला होता. गाठ त्यांच्या ओळखीची होती. घरात लोणच्याच्या बरणीला फडक्याचा दादरा बांधतात, अगदी तशी.

ते झाकण आणि पट्टी घेऊन खिडकीशी आले. "रंभा, हे काय होय?"

रंभाबाईंनी पट्टी बघितली आणि नजर खाली केली. "मीनं बांधलं."

"कायले?"

"वास येते ना. डिझेलचा. तुम्ही टाकी भरून आणता, मंग गाडी हालली की तिथून डचमळते. बरणीले बांधतो तसं बांधलं. मंग थोडा कमी येते. घरी गेलं की काढून घेत होती."

मनोहररावांनी झाकण उलटं करून पाहिलं. आतला रबरी वायसर वाळून चिरला होता. तिथूनच डिझेल डचमळत होतं; एवढ्याशा वायसरनं केलेला घोटाळा. "मले काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही त्या गाडीले एवढं करता. तुमाले वाईट वाटलं असतं." मग त्या म्हणाल्या, "माह्यानं बंद पडत होती का?"

त्यांच्या चेहऱ्यावर इतकी भीती होती, की मनोहररावांनी पट्टी खिशात घातली आणि मागं जाऊन नुसतं झाकण लावून आले. एवढी फजिती पाहून एरवी ते खदखदून हसले असते. "नाही," ते म्हणाले. "वायसरनं."

गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. बिघाड सापडला होता, तोही असा की जितेंद्रला महिनाभर सांगत बसावा. पण मनोहररावांना नेहमीचा तो आनंद काही झाला नाही. त्यांनी आरसा थोडा खाली वळवला. रंभाबाईंनी पदर नाकाशी धरला होता, डोळे मिटले होते. त्या प्रत्येक फेरीला अशाच बसतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांना वाटायचं, देवाचं नाव घेते. त्यांनी चारी खिडक्या खाली केल्या आणि सीताबर्डीच्या गर्दीतून जमेल तितक्या सावकाश, धक्का न देता, तरीही वेळेत गाडी काढली.

दवाखान्यात पोचले तेव्हा प्रीती दाराकडेच बघत होती. खुर्ची राखलेली होती. तिनं रंभाबाईंना बसवलं, वजन, रक्तदाब घेतला आणि मशीनचं बटण दाबायच्या आधी नेहमीसारखं विचारलं, "काकू, मागच्या वेळी काही त्रास झाला होता?"

हा प्रश्न दर वेळी असायचा. दर वेळी मनोहरराव खुर्चीमागून म्हणायचे, "नाही नाही, एकदम बरोबर," आणि प्रीती मान डोलवून पुढच्या पेशंटकडे जायची. आजही तिनं उत्तरासाठी त्यांच्याकडेच पाहिलं. रंभाबाईंनीही पाहिलं. मनोहररावांचं तोंड सवयीनं उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं. त्यांना अतिशय लाज वाटली.

"मले नका विचारू," ते म्हणाले. "तिले विचारा."

रंभाबाई जरा गोंधळल्या. इतके दिवस कोणी विचारलंच नव्हतं, म्हणजे त्यांना विचारलं नव्हतं. "तसा मोठा त्रास नाही," त्या हळूहळू बोलू लागल्या. "मशीन चालू झालं की पायात गोळे येतात. पिरगळल्यासारखे. ओरडावं वाटते. पण इथं सगळे झोपून असतात ना."

प्रीतीचा हात बटणावरच थांबला. "कधीपासून, काकू?"

"पयल्यापासूनच."

"अहो, मग सांगायचं ना. अंगातलं पाणी कमी वेगानं काढता येतं. थांबा, मी डॉक्टरांना बोलावते." ती भराभर आत गेली.

मनोहररावांनी भिंतीशी पडलेलं स्टूल ओढलं आणि ते रंभाबाईंच्या पायाशी बसले.

"कोणत्या पायात?"

"दोन्ही," रंभाबाई म्हणाल्या, आणि पांघरुणाखालून उजवा पाय थोडा त्यांच्याकडे सरकवला.